तळ्याचा हिशेब माशांकडून घ्यावा

गाळ हा शब्द आपल्याकडे उच्चारला की पहिल्यांदा आठवते ती सुपीक माती. उन्हाळ्यात धरण आटले की ट्रॅक्टर लावून गाळ काढायचा, तो मुरमाड रानात पसरायचा, म्हणजे धरणात पाणी जास्त मावते आणि रानही सुधारते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या शासकीय योजनेच्या नावातच हा दुहेरी लाभ गुंफलेला आहे. त्यामुळे एखादे तळे कारखान्याच्या सांडपाण्याने नासले असे कळले, तरी आपली पहिली मागणी 'गाळ काढा' हीच असते. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली, पण ही मागणी किती अपुरी ठरू शकते हे मला नीट उमगले ते निवृत्तीनंतर, अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे भाचीकडे महिनाभर राहिलो तेव्हा.

ओनोंडागा सरोवर या शहराला अगदी खेटून आहे. लांबी सात किलोमीटरच्या आसपास, रुंदी दीड-पावणेदोन किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी सुमारे वीस मीटर पाणी, म्हणजे त्या देशाच्या मानाने ते लहानच म्हणायचे. काठाने सुरेख पायवाट आहे आणि रोज संध्याकाळी मी तिथे फिरायला जात असे. एके दिवशी एक कुटुंब काठावर गळ टाकून बसलेले दिसले. या शहरात ब्रह्मदेश, भूतान अशा देशांतून आलेल्या निर्वासितांची मोठी वस्ती आहे. हे कुटुंबही त्यांच्यापैकीच असावे. बादलीत चार-पाच मासे होते आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी त्यांच्यात हात घालून खेळत होती. घरी आल्यावर मी हे सहज सांगितले, तेव्हा भाची म्हणाली, "मामा, ते मासे घरी न्यायचे नसतात." राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला तिने मला वाचायला दिला. पन्नाशीच्या आतील स्त्रियांनी आणि पंधरा वर्षांखालील मुलांनी या सरोवरातील कोणताही मासा खाऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

मला धक्का बसला तो दुसऱ्याच कारणाने. याच सरोवराची स्वच्छता हा अमेरिकेतील अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक मानला जातो, हे मी आधी वाचले होते. २००५ साली मंजूर झालेला त्याचा आराखडा ४५ कोटी १० लाख डॉलरचा होता, २०१२ ते २०१४ या तीन वर्षांत सुमारे १७ लाख घनमीटर गाळ सरोवरातून उपसला गेला, आणि २०१६ पर्यंत तळाचा सुमारे ४७५ एकर भाग वाळू-खडीच्या थराखाली झाकला गेला. एवढे सगळे होऊनही तो सल्ला उठलेला नसेल, तर एक तर पैसा वाया गेला असणार, किंवा स्वच्छता म्हणजे काय याविषयीची माझी समजूत कच्ची असणार. उरलेले दिवस मी वाचनालयात काढले आणि दुसरी शक्यता खरी निघाली.

या सरोवराच्या आसपास मिठाचे झरे होते, त्यामुळे मिठाचा उद्योग तिथे जुनाच होता. १८८१ साली सॉल्वे प्रोसेस कंपनी स्थापन झाली आणि मीठ व चुनखडीपासून धुण्याचा सोडा बनू लागला. त्याचा पांढरा, चुनकट चोथा काठावर आणि खुद्द सरोवरात साठत गेला. पुढे ही कंपनी अलाइड केमिकलमध्ये विलीन झाली. पारा आला तो १९४६ नंतर. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा मिळवण्याची एक जुनी पद्धत होती, तीत विजेचे एक टोक म्हणून वाहता पारा वापरत असत: सोडियम त्या पाऱ्यात विरघळतो, मग तो पारा पाण्याशी आणला की कॉस्टिक सोडा तयार होतो आणि पारा पुन्हा फेऱ्यात जातो. वर्गात हे मी फळ्यावर किती वेळा काढले असेल! पारा परत वापरला जातो, असे सांगून आम्ही पुढच्या समीकरणाकडे वळत असू. प्रत्येक फेरीत त्यातला थोडा सांडपाण्याबरोबर निसटतो, हे क्रमिक पुस्तकात नव्हते आणि मीही कधी सांगितले नाही. या थोड्या-थोड्याची बेरीज ओनोंडागा सरोवरात १९७० पर्यंत सुमारे ७५,००० किलो झाली, आणि शेवटच्या काळात रोज दहा किलोच्या घरात पारा पाण्यात जात होता. पोहण्यावर तर १९४० पासूनच बंदी होती. १९७० साली मासेमारीही बंद झाली आणि केंद्र सरकारने कंपनीवर खटला भरला. मासेमारी १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाली ती पकडलेला मासा परत पाण्यात सोडण्याच्या अटीवर.

आता पाऱ्याच्या स्वभावाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण सगळा प्रश्न तिथेच अडलेला आहे. तळाच्या चिखलात जखडून पडलेला पारा आहे त्या रूपात माशाच्या अंगात फारसा शिरत नाही. गाळात आणि त्याच्या लगतच्या पाण्यात राहणारे काही जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात, तेव्हा खरा धोका सुरू होतो. हे संयुग सजीवांच्या शरीरात साठत जाते. सूक्ष्म जीवांपासून लहान मासा, लहान माशापासून मोठा मासा, आणि मोठ्या माशापासून माणूस वा गरुड, अशा प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते आणि गर्भातील बाळाच्या मेंदूला त्याची सर्वांत जास्त झळ बसते. ज्या जिवाणूंचे हे काम आहे त्यांच्यातील बरेचसे सल्फेटवर जगणारे आहेत आणि प्राणवायू असेल तिथे त्यांचे काही चालत नाही.

सरोवराच्या तळाशी जिवाणूंची एक पंगत बसलेली असते असे समजा. मेलेले शेवाळ हे त्यांचे अन्न, पण ते पचवायला त्यांना प्राणवायू लागतो. तो संपला की जे जिवाणू नायट्रेटवर भागवू शकतात त्यांची पाळी येते, नंतर लोह आणि मँगनीजवाल्यांची, आणि सगळ्यांत शेवटी सल्फेटवाल्यांची. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड आणि जड राहते, दोन्ही मिसळत नाहीत, आणि शरद ऋतू येईपर्यंत खालच्या पाण्याला नवा प्राणवायू मिळत नाही. त्या काही महिन्यांत पंगत शेवटच्या पाळीपर्यंत पोचते आणि मिथाइल मर्क्युरी तयार होऊ लागते. म्हणजे तळाशी पारा किती टन आहे यापेक्षा त्याच्या डोक्यावरच्या हातभर पाण्यात ऑगस्ट महिन्यात कोण जेवायला बसले आहे, हा प्रश्न माशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरू शकतो.

ही गोष्ट ओनोंडागात लक्षात आली तीही जवळजवळ योगायोगाने. शहराचे सांडपाणी शुद्ध करून ज्या केंद्रातून सरोवरात सोडले जाते, तिथे २००४ च्या सुमारास नवी यंत्रणा बसली आणि सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. हेतू अमोनियाने मासे मरू नयेत एवढाच होता. परंतु सरोवरात नायट्रेट वाढल्यावर खोल पाण्यातील मिथाइल मर्क्युरी घटू लागल्याचे तिथल्या संशोधकांना आढळले: नायट्रेटवाल्यांची पाळी लांबली आणि सल्फेटवाले उपाशी राहिले. मग २०११ पासून तीन वर्षे एक प्रयोग झाला. उन्हाळ्यात तराफा नेऊन, सरोवरात ठरवलेल्या तीन ठिकाणी, तळाजवळच्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेटचे द्रावण सोडायचे. परिणाम इतका ठळक दिसला की पुढे हा उपाय कायमच्या आराखड्यात घेण्यात आला.

नायट्रेट म्हणजे आपल्याकडे विहिरी बिघडवणारे खत, हे मला ठाऊक आहे, आणि कुठल्याही तळ्यात उठून खत ओतावे असे मी मुळीच सुचवत नाही. तिथे त्या सरोवराचा अनेक वर्षांचा अभ्यास पाठीशी होता. शिवाय ही रक्तदाबाची गोळी आहे. ती दर उन्हाळ्यात द्यावी लागते आणि तळाचा पारा जिथल्या तिथेच राहतो. पण या गोळीचे यश ज्याने मोजले जाते ते माप मला मोलाचे वाटते: पाण्यातील मिथाइल मर्क्युरी किती उतरली आणि त्यापाठोपाठ माशातला पारा किती उतरला.

उपसण्याच्या कामाचे माप वेगळे होते. १९९४ मध्ये हे सरोवर सुपरफंड नावाच्या, अतिदूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत गेले. १९९९ मध्ये अलाइडच्या वारस कंपनीचे हनीवेलशी विलीनीकरण झाले आणि जबाबदारी हनीवेलकडे आली. आधी काठावर पोलादी भिंत ठोकून जमिनीतून झिरपणारे दूषित पाणी अडवले गेले, सरोवराला मिळणारे ओढे साफ करण्यात आले, कारण वरून घाण येत असताना तळ साफ करणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखेच झाले असते. मग ड्रेजरने, म्हणजे तळ उपसणाऱ्या यंत्राने, उथळ भागातील गाळ शोषून घेऊन, सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीच्या दुहेरी नळातून कॅमिलस गावाजवळच्या कचरा टाकण्याच्या जुन्या जागेवर नेला आणि जिओट्यूब नावाच्या प्रचंड कापडी नळ्यांत भरला. पाणी निथळून शुद्धीकरणाला गेले, गाळ आत राहिला. त्या नळ्या आता मातीखाली तिथेच आहेत. काम चालू असताना शेजारच्या रहिवाशांनी दुर्गंधीच्या तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. सरोवरातून निघालेला गाळ कुणाच्या तरी शेजारी जातोच, हे घनमीटरचे आकडे ऐकताना आपण विसरतो.

उथळ भागात जे उरले त्यावर वाळू, कार्बनची भुकटी आणि खडी यांचे पांघरूण घातले गेले. हे काम चालू असताना काही ठिकाणी पांघरूण आणि त्याखालचा मऊ गाळ घसरला आणि आराखडा बदलावा लागला. सरोवराच्या खोल मध्यभागाला तर बहुतांश हातच लावलेला नाही. तिथे दरवर्षी वरून बसणारा स्वच्छ गाळ हळूहळू जुना थर झाकेल, यावर भिस्त आहे.

ओनोंडागा या इथल्या मूळ आदिवासी लोकांना हे मान्य नव्हते, आणि त्यांचे म्हणणे मला हलके वाटत नाही. त्यांच्या परंपरेप्रमाणे याच सरोवराच्या काठी पाच आदिवासी राष्ट्रांनी शस्त्रे टाकून शांततेचा महान करार केला. त्यांच्या दृष्टीने हे तीर्थ आहे. तीर्थाच्या तळाशी विष झाकून ठेवायचे आणि त्याला स्वच्छता म्हणायचे, हे त्यांना पटणे शक्यच नव्हते. अधिक गाळ उपसण्याचे पर्यायही विचारात घेतले गेले होते, सर्वांत मोठ्या पर्यायाचा खर्च दोन अब्ज डॉलरच्या घरात जात होता, आणि तो नाकारला गेला. २०२२ साली नुकसानभरपाईच्या तडजोडीत टली खोऱ्यातील हजार एकरांहून अधिक जमीन ओनोंडागांना परत देण्याचे ठरले. ती सरोवराच्या काठची नाही. सोडा कारखान्याला लागणारे मिठाचे पाणी ज्या खोऱ्यातून येत असे तिथली आहे.

माझे मत विचाराल तर, झाकणे हा उपाय अभियांत्रिकीच्या दृष्टीने चुकीचा आहे असे मला वाटत नाही. संपूर्ण तळ ढवळला असता तर निपचित पडलेला पारा पुन्हा पाण्यात मिसळला असता, आणि उपसलेल्या गाळाचा डोंगर कुठल्या तरी गावाच्या माथी बसला असता. माझी तक्रार शब्दाविषयी आहे. ज्या आराखड्यात पारा झाकून, त्यावर वर्षानुवर्षे पहारा ठेवायचा आहे त्याला 'स्वच्छता पूर्ण' म्हणू नये, 'बंदोबस्त' म्हणावे. स्वच्छता पूर्ण झाली की पहारेकरी घरी जातो, बंदोबस्ताला पहारेकरी लागतोच, आणि त्याचा पगार कोण देणार हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे लागते. ओनोंडागाच्या आराखड्याची चांगली बाजू अशी की त्यात गाळाबरोबर माशाचेही उद्दिष्ट लिहिलेले आहे: माणसाच्या आरोग्यासाठी माशात किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि वन्यजीवांसाठी ०.१४ मिलिग्रॅम पारा. म्हणूनच १७ लाख घनमीटर उपसूनही आरोग्य खात्याला तो सल्ला मागे घेता येत नाही, आणि तो घेतलेला नाही यात मला आता अपयशापेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो.

कारखान्याच्या पाऱ्याने नासलेल्या जपानच्या मिनामाता उपसागरात हेच माप अधिक कठोरपणे वापरले गेले. तिथे १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून आणि गाडून ५८ हेक्टर नवी जमीन झाली. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडाशी १९७४ पासून जाळे लावलेले होते. गाळाचे काम १९९० मध्ये संपले, तरी जाळे निघाले १९९७ मध्ये, माशांतील पारा सलग काही वर्षे मर्यादेखाली राहिल्यावर. ती मधली सात वर्षे मला फार बोलकी वाटतात.

आपल्या देशात याच कथेचे एक टोक कोडाईकनालला आहे, आणि योगायोग असा की ते सिराक्यूजच्याच परिसरातून निघते. सिराक्यूजच्या उत्तरेला सव्वाशे किलोमीटरच्या आत वॉटरटाउन नावाचे गाव आहे. तिथला थर्मामीटरचा कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उचलून तमिळनाडूतील या थंड हवेच्या ठिकाणी आणला गेला. पुढे तो हिंदुस्थान लिव्हरकडे गेला, आणि पारा लागलेल्या काचेचे तुकडे भंगारात सापडल्यावर मार्च २००१ मध्ये बंद झाला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने परत अमेरिकेत पाठवावा लागला. हैदराबाद येथील अणुऊर्जा विभागाच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोडाई तलावाचे पाणी, गाळ आणि मासे या तिन्हींत पारा वाढलेला आढळला आणि त्यांनी त्याचा संबंध कारखान्यातून हवेत गेलेल्या पाऱ्याशी जोडला. तिथल्या वादाचा भर मात्र राहिला तो कारखान्याच्या आवारातील मातीवर: किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत पारा राहू द्यावा की त्याहून कितीतरी कमी. आवारातली माती आणि तळ्यातला गाळ यांची थेट तुलना करणे शास्त्राला धरून नाही, हे मी मान्य करतो. तरीही ओनोंडागाच्या गाळासाठी २.२ आणि ०.८ असे आकडे वापरले गेले हे वाचल्यावर २० हा आकडा डोळ्यांत खुपतो, विशेषतः तो उतार पांबार शोलाच्या जंगलात उतरत असताना. आपण सगळे सहलीला जाऊन त्या तलावात होडी वल्हवून आलो आहोत. त्याच्या तळाचा आणि त्यातल्या माशांचा पारा दरवर्षी मोजून कुठल्या फलकावर लावलेला मी तरी पाहिला नाही.

दुसरे टोक तर आपल्या दारातच आहे. कल्याणजवळ काळू नदी उल्हासला मिळते त्या पट्ट्यात पाऱ्याची तीच जुनी पद्धत वापरून कॉस्टिक सोडा बनवला जात असे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या तळात नळ्या रोवून गाळाचे नमुने घेतले आणि त्यात पारा नैसर्गिक प्रमाणाच्या बराच वर असल्याचे दाखवून दिले. आता ती पद्धत देशात कालबाह्य झाली आहे. पाराविषयक मिनामाता करारावर भारतानेही २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. परंतु गाळ करार वाचत नाही. तो थरावर थर चढवत बसून राहतो आणि जुना पारा नव्या चिखलाखाली झाकला जातो. ओनोंडागाच्या मध्यभागी ज्यावर भिस्त ठेवली आहे, तीच क्रिया इथे कुणी न सांगता चालू आहे.

याच पाण्यातून कल्याण, ठाणे, मुंबई असा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ आखलेला आहे. जलवाहतुकीला माझा विरोध नाही. लोकलच्या दारात लटकून मी आयुष्य काढले आहे, बोट मिळाली तर मलाही हवी आहे. पण बोटीला खोली लागते, खोलीसाठी ड्रेजर लागतो, आणि ड्रेजरचा दात गाळाच्या वरच्या थरापाशी थांबत नाही. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की, जिथे जिथे उपसा होणार आहे तिथे आधी तळापर्यंत नळी रोवून थराथरातला पारा तपासावा, एकूण पारा आणि मिथाइल मर्क्युरी दोन्ही. उपसलेला गाळ कुठे जाणार ते निविदेतच लिहावे. आणि खाडीतले निवटे, बोय आणि खेकडे यांची तपासणी कामाच्या आधी, काम चालू असताना आणि नंतर निदान दहा वर्षे करून तिचे आकडे मराठीत जाहीर करावेत. खाडीकाठच्या कोळीवाड्यांत ते आकडे सगळ्यांत आधी पोचायला हवेत, कारण तिथली बादली रोज संध्याकाळी घरीच जाते.